पास्त्रामी, लसूण आणि लियम नावाचा व्हॅम्पायर

सायली_क्वीन्स

खादाडीच्या विभागात टाकावं की खेळांच्या, ठरेना, म्हणून गप्पांच्या पानावर धागा काढतेय. शनिवारी दुपारी आम्ही मैत्रिणी ब्रुकलिनला हॉइट स्ट्रीटवरच्या 'माइल एंड' या डेलीत जेवलो आणि रात्री माझ्याकडे जमून 'मॉन्स्टर प्रॉम' खेळलो. एक ज्यू पद्धतीची खाणावळ, दुसरा भुताखेतांशी, त्यातही एका व्हॅम्पायरशी प्रेम जुळवायचा विनोदी व्हिडिओ गेम. या दोन्हींचं नातं आहे असं माझं ठाम मत झालंय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी डेली. १८८०च्या दशकापासून पूर्व युरोपातले ज्यू लाखांनी न्यूयॉर्कला येऊ लागले. रशियात दंगली, रुमानियात नागरिकत्वच नाही, वर पोटापाण्याची मारामार. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला कोंदट इमारतींत ही माणसं दाटीवाटीने राहायची. घरात धड स्वयंपाकाला जागा नाही, त्यामुळे खारवलेलं मांस, मिठाच्या पाण्यातल्या काकड्या, राय ब्रेड असं तयार विकणारी दुकानं चालायला लागली. हाऊस्टन स्ट्रीटवरचं 'कॅट्झ' १८८८चं. पास्त्रामी आणली रुमानियन ज्यूंनी. मांस मिठात मुरवून, मसाला चोळून टिकवायची ही रीत बाल्कनमध्ये ओटोमन तुर्कांकडून आलेली. रुमानियात हंसाची पास्त्रामी करत. इथे हंस महाग आणि गोमांस स्वस्त, म्हणून गाईबैलाच्या पोटाखालचा चरबीदार तुकडा वापरात आला.

१९३०च्या दशकात एकट्या न्यूयॉर्क शहरात दीड हजारांच्या आसपास कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, डेली होत्या. मग लोक उपनगरांत गेले, मुलं-नातवंडं बर्गर खायला लागली, डॉक्टरांनी चरबीवर बंदी घातली. दुकानं एकेक करून मिटली. एवढी प्रसिद्ध 'कार्नेगी डेली', तीही २०१६च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. आणि मधल्याच काळात उलटा प्रवाह सुरू झाला. पोर्टलंडला 'केनी अँड झूक्स' २००७मध्ये, ब्रुकलिनला 'माइल एंड' २०१०मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला 'वाइज सन्स' त्याच सुमारास. चालवणारी तरुण मुलं. 'माइल एंड' काढणारा नोआ बर्नामॉफ मॉन्ट्रियलचा, इथे कायदा शिकत होता, तो सोडून मांस धुरावायला लागला. दुकानाचं नाव मॉन्ट्रियलच्या ज्या वस्तीवरून आहे, तिथे बेगल मध घातलेल्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात.

मी त्यांचं स्मोक्ड मीट सँडविच घेतलं. ही पास्त्रामीची मॉन्ट्रियलची बहीण. ब्रिस्केट म्हणजे छातीकडचा तुकडा, साखर कमी, मिरी जास्त. कापाच्या कडेला धणे-मिऱ्यांचं काळं कवच, आत गडद गुलाबी मांस, आणि चरबीची रेघ इतकी शिजलेली की उजेडात धरली तर आरपार दिसावं. दात लावायची गरजच पडत नाही, जिभेने दाबलं की तंतू सुटतात. वर फक्त मोहरीचं तिखट वाटण. कोशिंबीर नाही, सॉस नाही. बाजूला हाफ-सार काकडी: अजून हिरवीगार, चावली की कुर्रकन आवाज येणारी, शेपू आणि लसणाच्या वासाची.

आता गेम. 'मॉन्स्टर प्रॉम' २०१८चा, बार्सिलोनाच्या ब्यूटिफुल ग्लिच या छोट्या कंपनीचा. एक ते चार जण खेळतात. 'स्पूकी हाय' नावाच्या शाळेत सगळे विद्यार्थी राक्षस, भुतं, लांडगे. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नाचाला, तीन आठवडे उरलेत आणि तेवढ्यात कुणाला तरी आपल्याबरोबर यायला राजी करायचं. त्यातला लियम हा व्हॅम्पायर. अत्यंत चोखंदळ, जगाला आवडतं ते ह्याला आवडणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा. तो जेवणाचे फोटो काढून टाकत असतो आणि त्यातला घासही खात नाही, कारण व्हॅम्पायर! मी हसून हसून लोळले.

नातं असं. ब्रॅम स्टोकरने १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत आपला व्हॅम्पायर काउंट ट्रान्सिल्व्हेनियात बसवला. पास्त्रामी आली ती डोंगर ओलांडून पलीकडच्या वालाकिया-मोल्डावियातून. पडद्यावरचा गाजलेला ड्रॅक्युला बेला लुगोसी जन्मला लुगोझ गावात, जे आज रुमानियात आहे, आणि १९२७मध्ये ब्रॉडवेवर त्याने ती भूमिका केली तेव्हा तिथून थोड्याच अंतरावर रुमानियन ज्यूंची दुकानं ऐन भरात होती. दोघेही एकाच मुलखातून एकाच शहरात आलेले पाहुणे. आणि दोघांनाही आता नव्या पिढीने हातात घेतलंय. नव्याने करताना मर्म सोडलं नाही तरच ते जमतं, असं मला वाटतं. पास्त्रामीचं मर्म वेळ, आणि व्हॅम्पायरचं मर्म भूक. 'माइल एंड'ने वेळ सोडला नाही. गेमवाल्यांनी व्हॅम्पायरला विनोदी केलं, शाळेत बसवलं, पण त्याची भूक तशीच ठेवली: सगळे जेवतायत आणि तो फोटो काढतोय. म्हणून तो हसवतोही आणि आवडतोही.

तुम्हाला काय वाटतं?


पुरणाचा_कट

सायली, वाचताना तोंडाला पाणी सुटलं, पण आम्ही शाकाहारी लोकांनी डेलीत जाऊन काय करायचं? पुढच्या महिन्यात लेकीकडे येतोय, जावई म्हणतो एकदा तरी डेलीत जायचंच. नुसती काकडी खाऊन उठायची इच्छा नाही.


देवयानी_एडिसन

काकू, बिनधास्त जा. उलट मी तर म्हणेन अमेरिकेत शाकाहारी माणसाला ज्यू स्वयंपाकाचा मोठा आधार आहे, कारण त्यांच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही.

डेलीत गेल्यावर विचारून घ्या: बटाट्याचे लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले कुरकुरीत पॅटीस, सफरचंदाच्या गोड गराबरोबर. क्निश, आत बटाटा किंवा कुट्टूचं सारण, वरून भाजलेलं आवरण. हाऊस्टन स्ट्रीटवरच 'योना शिमेल'चं क्निशचं दुकान १९१०पासून आहे. ब्लिंट्झ, गोड पनीर भरलेली पातळ घावनं. कुगेल, शेवयांचा भाजलेला गोड प्रकार, त्यात अंडं असतं. मश्रूम-बार्ली सूप मात्र मांसाच्या पाण्यात नाही ना, हे आधी विचारा. लाटके कशात तळलेत तेही विचारा, कारण जुन्या पद्धतीत कोंबडीची चरबी वापरतात.

मांस अजिबात नको असेल तर डेलीऐवजी 'अ‍ॅपेटायझिंग' दुकान गाठा. तिथे फक्त मासे आणि दुधाचे पदार्थ, मांस दारातूनच बाहेर. 'रस अँड डॉटर्स' हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, १९१४चं. मालकाला मुलगे नव्हते, तीन मुली होत्या. १९३५मध्ये त्याने तिघींना भागीदार केलं आणि पाटीवर 'अँड डॉटर्स' घातलं. त्या काळी दुकानांवर 'अँड सन्स'च असायचं! शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१४मध्ये, ऑर्चर्ड स्ट्रीटवर त्यांनी बसून खायचं कॅफेही काढलं.

जाता जाता किराण्याच्या दुकानातली खूण सांगते. पाकिटावर कोशरच्या चिन्हाशेजारी 'डी' असेल तर त्यात दूध आहे, म्हणजे मांस नाही. 'पारेव्ह' लिहिलं असेल तर मांसही नाही, दूधही नाही. पण दोन्हींत अंडं किंवा मासा असू शकतो, तेवढं घटकांच्या यादीत बघायचं.


पुरणाचा_कट

देवयानी, किती छान समजावून सांगितलंस गं. तुझा प्रतिसाद जावयाला पाठवला. मुलींच्या नावाची पाटी वाचून फार बरं वाटलं.


चेंदणीकर

सायलीताई, धागा आवडला. मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचे पूर्वज कोकणात नवगावला उतरले असं आम्ही मानतो, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. पास्त्रामी आम्ही ठाण्यात कधी पाहिलीही नव्हती. ती युरोपातल्या ज्यूंची. आमच्याकडे मटणात दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध, आणि नवस फेडायला मलिदा: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं. तरी तुमच्या लेखात एक गोष्ट आहे तिथे मला बोलायलाच हवं, ती म्हणजे रक्त.

आमच्या धर्मात रक्त खाणं पूर्ण निषिद्ध आहे. प्राण्याचा जीव रक्तात असतो, म्हणून ते जमिनीला परत द्यायचं. घरी मटण आलं की माझी आई ते आधी अर्धा तास पाण्यात ठेवायची. मग जाडं मीठ सगळीकडून चोळून तिरप्या फळीवर तासभर ठेवायचं, म्हणजे सुटलेलं रक्त वाहून जातं, साचत नाही. मग तीनदा धुवायचं. त्यानंतरच चुलीकडे. काळीज मिठाने साफ होत नाही, त्यात रक्त फार, म्हणून ते थेट विस्तवावर भाजायचं. न्यूयॉर्कच्या डेलीत चॉप्ड लिव्हर मिळतं, तेही कोशर असेल तर आधी भाजूनच. अंडं फोडताना आई प्रत्येक अंडं आधी पेल्यात फोडून बघायची. बलकात लाल ठिपका दिसला की अंडं टाकून द्यायचं, महिनाअखेर असली तरी.

म्हणून कोशर डेली हे जगातलं एक असं ठिकाण आहे जिथे तुमच्या लियमला खरोखर काहीही मिळणार नाही. तुम्ही भूक म्हणालात ना, त्याची भूक तिथे सगळ्यात जास्त कळेल.


सायली_क्वीन्स

चेंदणीकर काका, तिरप्या फळीचं वाचून मी बहिणीला फोन करून वाचून दाखवलं. मनापासून आभार. 'माइल एंड' कोशर नाही हे मी लिहायला हवं. तिथे पुटिनही मिळतं, म्हणजे बटाट्याच्या काड्यांवर चीज आणि मांसाची ग्रेव्ही, जे धर्माने चालणारच नाही. न्यूयॉर्कच्या बहुतेक प्रसिद्ध डेली, 'कॅट्झ'सुद्धा, 'कोशर-स्टाइल' आहेत: चव ती, नियम ते नाहीत. खरी कोशर हवी असेल तर 'सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली' आहे, १९५४पासूनची, आता तेहतिसाव्या रस्त्यावर.


ओंकार_पॅड

गेमवर कुणीच बोलेना म्हणून मी येतो. 'मॉन्स्टर प्रॉम' मी कॉलेजच्या मित्रांबरोबर रात्र रात्र खेळलोय आणि सायलीचं भुकेचं म्हणणं मला पटलं, पण तो गेम चांगला का आहे त्याचं अर्धंच कारण तिने सांगितलंय.

बाकीचे प्रेम जुळवायचे गेम एकट्याने खेळायचे असतात. बरोबर उत्तर निवडा, समोरचा खूश, पुढे चला. इथे चौघं एकाच स्क्रीनसमोर, आणि दोघांना तोच लियम हवा असतो. आपली पाळी कधी, हे ठरवायला गेम विचित्र प्रश्न टाकतो, प्रत्येकाने उत्तर सुचवायचं आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं कोणाचं भारी. तिथेच अर्धी भांडणं होतात. मग शाळेत कुठे जायचं ते निवडायचं, प्रत्येक जागी हुशारी, धीटपणा, कल्पकता, मोहकपणा, धमाल, पैसा यांतलं एकेक वाढतं. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कोणाच्या टेबलावर बसायचं, हा तर सगळ्यात मोठा निर्णय. प्रसंग येतो, दोन पर्याय येतात, आणि कोणत्या पर्यायाला कोणता गुण लागणार हे गेम सांगत नाही. ते माणूस ओळखून ताडायचं.

आणि शेवटी तुम्ही विचारता, प्रॉमला येशील का. तो नाही म्हणू शकतो. तासभर मेहनत करून नकार मिळतो आणि खोलीतले तिघं टाळ्या वाजवतात. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. नकार पचवणं ही गोष्ट आपल्याकडे मुलांना कुणी शिकवत नाही. सिनेमातला हिरो पाठलाग करत राहतो आणि शेवटी जिंकतो. या गेममध्ये नाही म्हणजे नाही, डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या धाकट्या चुलतभावाला मी मुद्दाम त्यासाठी खेळायला बसवलं. भाषा थोडी मोठ्यांची आहे, त्यामुळे लहान पोरांना मात्र नको.

पुढचे भागही आहेत, २०२०चा 'मॉन्स्टर कॅम्प' आणि २०२२चा 'मॉन्स्टर रोडट्रिप'. पहिला सगळ्यात जमलेला.


रातराणी

ओंकार, +१. नकाराचा मुद्दा शंभर टक्के.


जुना_मॅनहॅटनकर

मी तीसेक वर्षं या शहरात आहे, थोडा विरोधी सूर लावतो. नव्या डेली मला पटत नाहीत. जेवढं सँडविच 'कॅट्झ'ला मिळतं त्याच्या निम्मं तुमच्यापुढे ठेवतात, पाटीवर गाईने काय खाल्लं त्याची माहिती, आणि बसायला लाकडी बाक. डेली म्हणजे गोंगाट, घाई, फॉर्मायकाची टेबलं. 'कॅट्झ'मध्ये शिरताना हातात तिकीट देतात, ते हरवलंत तर दंड भरायचा. काउंटरवर कापणाऱ्यापुढे उभं राहायचं, तो एक काप बशीत टाकून आधी चाखायला देतो, तुम्ही मान डोलावलीत की मग सँडविच बांधतो. भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातली पाटी आहे, सैन्यातल्या मुलाला सलामी पाठवा म्हणून. मालकांच्या तिन्ही मुलग्यांनी युद्धात नोकरी केली आणि आईबाप त्यांना सलामी पाठवायचे, त्यातून ती पाटी आली. हे नव्या दुकानात कुठून आणणार?

एका नव्या डेलीत तर मला पास्त्रामी इतकी कोरडी मिळाली की पाण्याचा घोट घेऊन गिळावी लागली. नाव घेत नाही.


सायली_क्वीन्स

काका, 'कॅट्झ'बद्दल तुम्ही म्हणता त्यातलं अक्षर न अक्षर मला मान्य आहे. तिथला कापणारा माणूस सुरी चालवताना बघत राहावंसं वाटतं. पण नव्यांना मोडीत काढायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण वेळ.

पास्त्रामी नीट करायची तर मांस मसाल्याच्या मिठाच्या पाण्यात दिवसेंदिवस, 'कॅट्झ'मध्ये तर काही आठवडे मुरतं. मग धणे, मिरी, लसूण चोळून मंद धुरात, मग उकळून, मग वाढायच्या आधी वाफेवर. वाफेत चरबीतलं आणि तंतूंमधलं चिवट विरघळतं, मांस मऊ पडतं, आणि वजनही घटतं. घेतलेल्या मांसापैकी बराचसा भाग ताटात पोचतच नाही. वाफवलेलं मांस इतकं मऊ असतं की यंत्राच्या पात्याखाली त्याचा चुरा होतो, म्हणून हाताने, तंतूंना आडवं कापायचं. त्याला कसबी माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो. म्हणून 'कॅट्झ'चं सँडविचही आज पंचवीस डॉलरच्या वर गेलंय.

हे परवडेना तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच जुन्या डेलींनी कारखान्यात सुईने मीठपाणी टोचलेलं, दोन दिवसांत तयार होणारं मांस घ्यायला सुरुवात केली. पाटी जुनी, भिंतीवरचे फोटो जुने, पण पास्त्रामी ट्रकमधून उतरवलेली. 'माइल एंड', 'वाइज सन्स' यांनी स्वतः मुरवणं, स्वतः धुरावणं पुन्हा सुरू केलं. सँडविच लहान आहे कारण मांस खरं आहे. आणि जगातल्या एका चांगल्या पास्त्रामीचं उदाहरण तर ना नवं ना न्यूयॉर्कचं: लॉस एंजेलिसचं 'लँगर्स', १९४७चं, त्यांचं एकोणीस नंबरचं सँडविच, त्यात पास्त्रामीबरोबर कोबीची कोशिंबीर आणि स्विस चीज असतं, तेही हाताने कापून. जुनं-नवं असा वाद करण्यापेक्षा घरात मुरवतात की नाही एवढं विचारावं.


जुना_मॅनहॅटनकर

घरात मुरवतात की नाही, ही कसोटी मला मान्य. पण तिकीट पाहिजे!


वैजयंती_नाशिक

मी शाळेत इतिहास शिकवते. चेंदणीकरांनी रक्ताचा विषय काढला, त्याची दुसरी बाजूही इथे यायला हवी.

ज्या समाजाने अंड्यातला ठिपकाही टाकून दिला, त्याच समाजावर युरोपात शतकानुशतकं आरोप झाला की ते ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचं रक्त धर्मविधीत वापरतात. सुरुवात इंग्लंडमधल्या नॉरिचला, ११४४मध्ये विल्यम नावाच्या मुलाच्या मृत्यूनंतर झाली. मग गावोगावी तीच कथा, आणि बऱ्याचदा माणसं मारली गेली. हे फार जुनं आहे असंही समजू नका. हंगेरीत टिसाएस्लार गावी १८८२मध्ये एक मुलगी नाहीशी झाली आणि ज्यूंवर खटला भरला. पुढच्या वर्षी सगळे निर्दोष सुटले, तरी दंगली झाल्याच. कीव्हमध्ये मेंडेल बेलिस नावाच्या कारकुनाला १९११मध्ये पकडलं, दोन वर्षं तुरुंगात ठेवलं, १९१३मध्ये ज्युरीने सोडलं. आणि पोलंडमध्ये किएल्त्सेला १९४६मध्ये, छळछावण्यांतून जगून आलेल्या ज्यूंना अशाच अफवेवरून मारलं.

तुम्ही म्हणता ती डेलीची माणसं याच काळात, याच मुलखातून पळून आली. आणि पूर्वेकडून जहाजाने येणारा, गुप्तपणे घरं विकत घेणारा, रक्त पिणारा परका, ही कल्पना १८९७मध्ये लंडनच्या वाचकांना का भिडली, याचा विचार करताना अभ्यासक त्या काळच्या ज्यू निर्वासितांबद्दलच्या भीतीकडेही बोट दाखवतात. १९२२च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातल्या काउंटचं नाक, नखं आणि मागून येणारे उंदीर यांवरही अशीच चर्चा झाली आहे. गेम खेळू नका असं मी म्हणत नाही. पण डेली आणि व्हॅम्पायर हे शब्द एका वाक्यात घेताना हे ठाऊक असावं.


सायली_क्वीन्स

वैजयंतीताई, हे तुम्ही इथे लिहिलंत याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या पहिल्या पोस्टमधली 'दोन पाहुणे' ही कल्पना तुमच्या प्रतिसादानंतर मला जास्त जड वाटतेय, आणि जास्त खरीही. एकाला ज्या आरोपाने हाकललं, तोच आरोप दुसऱ्याच्या अंगावर कथेचा झगा होऊन चढला.

म्हणूनच लियमसारखं पात्र मला महत्त्वाचं वाटतं. गेम करणाऱ्यांनी ज्यूंचा विचार करून त्याला रेखाटलंय असं माझं म्हणणं नाही, तसं त्यात काही नाही. पण तो कुठून तरी आलेला परका नाही, वर्गातला मुलगा आहे. त्याच्या भुकेची कुणाला भीती वाटत नाही, लोक त्याच्या शेजारी बसायला धडपडतात. व्हॅम्पायरच्या गोष्टीतून ती जुनी विषारी भीती काढून टाकली तरी गोष्ट उरते, हे त्यातून दिसतं.


चेंदणीकर

वैजयंतीताई, आमच्या घरी नॉरिचचं नाव कुणी घेत नसे. कोकणात आमच्या लोकांवर असा आरोप कधी झाला नाही, आमचे शेजारी आमच्या सणाला जेवायला यायचे. ही गोष्ट मला या देशाबद्दल नेहमी सांगावीशी वाटते, आणि आमचे लोक इस्रायलला गेले तरी तिथे त्यांनी मराठी सोडली नाही, त्याचं हेही एक कारण.

आता विषय गोड करतो. व्हॅम्पायरला लसूण चालत नाही, बरोबर? रुमानियन ज्यूंच्या स्वयंपाकात लसणाशिवाय पान हलत नाही, आणि तालमूदमध्ये, म्हणजे आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, तर त्याची स्तुतीच आहे. एज्रा या प्राचीन धर्मगुरूने घालून दिलेल्या नियमांत एक असा की शुक्रवारी, शब्बाथच्या (शुक्रवारी मावळतीला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या) रात्री, लसूण खावा. लसणाने पोट भरतं, अंगात ऊब येते, चेहरा उजळतो असे गुण सांगून पुढे म्हटलंय की काहींच्या मते तो प्रेम आणतो आणि मत्सर घालवतो. शुक्रवारची रात्र नवराबायकोची मानलेली, त्यासाठी लसूण. तुमच्या गेममध्ये लियमला राजी करायचं असेल तर लसूण विसरा, पण घरच्या माणसाला राजी करायचं असेल तर आमच्या ग्रंथांचा सल्ला घ्या.


रातराणी

काका, हे भन्नाट आहे!! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो लगेच लसणाची चटणी काढायला उठला.

सायली, ती हाफ-सार काकडी घरी होईल का? पुण्यात डेली कुठली, पण शेपू आणि काकडी आहे.


सायली_क्वीन्स

होते की. व्हिनेगर अजिबात नाही, सगळं काम मिठाचं. आपल्या कोकणातल्या मिठातल्या कैऱ्यांसारखंच.

लहान, टणक, जाड सालीच्या काकड्या घे. फुलाच्या बाजूचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून टाक, त्यात असलेल्या घटकामुळे काकडी मऊ पडते. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं जाडं मीठ मिळालं तर उत्तम. काचेच्या बरणीत तळाला शेपूच्या जुड्या, दांड्यांसकट, सालासकट ठेचलेला भरपूर लसूण, मिरी, धणे, मोहरी. काकड्या उभ्या खचून भर आणि वर पाणी ओत. काकडी पाण्याबाहेर राहिली तर बुरशी धरते, म्हणून वर छोटी वाटी दाबून ठेव. झाकण घट्ट लावू नकोस, आतून वायू येतो.

न्यूयॉर्कच्या थंडीत मला चार-पाच दिवस लागतात, पुण्याच्या उकाड्यात दुसऱ्या दिवसापासून चाखायला सुरुवात कर. पाणी गढूळ होईल, ते बरोबर आहे. आत अजून पांढरी आणि बाहेर हिरवी असेल तेव्हा हाफ-सार, लगेच फ्रिजमध्ये टाक. तशीच बाहेर ठेवलीस तर काही आठवड्यांत पूर्ण आंबट, शेवाळी रंगाची होते. माझ्या मते हाफ-सारच खरी.


ओंकार_पॅड

धाग्यावरचे सगळे मिळून एकदा ऑनलाइन खेळूया का? चौघांना जमतं. पुण्याची रात्र आणि न्यूयॉर्कची सकाळ, शनिवारी बसता येईल. सायली, रातराणी, मी, अजून एक जागा आहे.


चेंदणीकर

शनिवारची रात्र नको, शब्बाथ नुकताच संपलेला असतो. रविवार ठेवलात तर चौथा मी. माझी नात लॅपटॉप लावून देईल. आणि आधीच सांगून ठेवतो, लियमला मीच विचारणार.


ओंकार_पॅड

रविवार पक्का, काका. भारतात रात्री साडेनऊ, न्यूयॉर्कला दुपारच्या आधी. खोलीचा कोड खासगी निरोपात पाठवतो. लियमसाठी मात्र सायलीशी भांडावं लागेल.